पाय बधिर आहे, पण नेमका कुठे? स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या एका ताईंची केस

पार्श्वभूमी

ओळख पटू नये म्हणून गाव, वय, घरचं थोडंफार बदललंय, पायाचं जे आहे ते तसंच ठेवलंय. मी वाईला फिजिओथेरपी करते. या पेशंटना आपण नुसतं ताई म्हणू.

ताई चाळिशीच्या आसपास, महाबळेश्वर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. देशातली बहुतेक स्ट्रॉबेरी या पट्ट्यात पिकते, आणि हिवाळा सुरू झाला की गावातल्या बायकांना हक्काचं काम म्हणजे तोडणी. मल्चिंग पेपर घातलेले बेड असतात, दोन बेडच्या मधल्या अरुंद सरीत उकिडवं बसायचं, पानं सारून पिकलेलं फळ देठासकट खुडायचं, ट्रेमध्ये ठेवायचं आणि उठायच्या ऐवजी तसंच बसल्या बसल्या पुढं सरकायचं, कारण दर वेळी उठलं तर हात मागं पडतो आणि बाकीच्या बायका पुढं जातात. सकाळी गारव्यात सुरू करून ऊन चढेपर्यंत हेच. गुडघा पूर्ण दुमडलेला, तासनतास.

अजून एक गोष्ट, जी ताईंनी स्वतःहून सांगितली नाही, विचारल्यावर निघाली. दिवाळीच्या आधी टायफॉइड झालेला, बरेच दिवस जेवण गेलेलं आणि वजन सात-आठ किलो उतरलेलं. हे पुढं महत्त्वाचं ठरलं.

अडचण काय होती

जानेवारीत उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या यायला लागल्या. कामावरून उठलं की मुंग्या, थोडं चाललं की कमी. हे सगळ्याच बायकांना होतं म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. मग एक दिवस दुपारी उठल्या तर पाऊल वर उचललंच जाईना, चप्पल निसटून मागं राहायला लागली, उंबऱ्याला अंगठा अडकायला लागला. दुखत काहीच नव्हतं. दुखत नसल्यामुळंच घरच्यांना वाटलं की थंडीनं आखडलंय, तेल लावून शेकलं तर सुटेल. शेकताना पावलाच्या वर छोटा फोड आला आणि ताईंना ते भाजलेलं कळलंच नाही, तेव्हा घाबरून दवाखाना गाठला.

तिथून कमरेचा एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये कमरेच्या खालच्या मणक्यांपाशी, एल-४ एल-५ आणि एल-५ एस-१ ला, डिस्क बल्ज (मणक्यांमधली गादी बाहेर फुगलेली), नसेवर थोडा दाब. "मणक्यात गॅप आहे, नस दबलीय, पाऊल पडलंय म्हणजे उशीर करू नका" असं सांगितलं गेलं आणि ऑपरेशनचा अंदाजे खर्चही. दीर पैशाची जुळवाजुळव करत होते. कोणीतरी म्हणालं की आधी व्यायामवालीला दाखवा, म्हणून पसरणीच्या घाटातून एसटीनं खाली वाईला आले. पाऊल पडून तेव्हा दहा-बारा दिवस झालेले.

घाईचा सल्ला उगाच दिलेला नव्हता हेही सांगते. डिस्कमुळं पाऊल खरंच पडलं असेल आणि ताकद वाढत्या वेगानं जात असेल तर वाट बघणं चुकीचं. प्रश्न एवढाच होता की इथं ते डिस्कमुळंच पडलंय का.

पहिला निर्णय : रिपोर्ट बाजूला, आधी पाय

एमआरआयची फाईल दीरांनी टेबलवर ठेवली, ती मी तशीच राहू दिली आणि ताईंना पडद्यामागं झोपवून दोन्ही पाय गुडघ्याच्या वरपर्यंत उघडे केले. कापसाचा बोळा, एक नवी टाचणी आणि बॉलपेन, एवढंच सामान. डोळे मिटायला सांगायचं, बधिर भागाच्या मध्यापासून सुरू करून बाहेर सरकायचं आणि "आता दुसऱ्या पायासारखं लागतंय का" असं विचारत जायचं, जिथं हो म्हणतील तिथं पेननं ठिपका. असं सगळ्या दिशांना. शेवटी ठिपके जोडले की बधिरपणाचा नकाशा कातडीवरच तयार होतो, मग ताईंना विचारून मोबाईलवर फोटो काढला.

हा नकाशा वाचायचा तर गुडघ्याखाली कुठल्या कातडीला कुठली नस जाते ते डोक्यात पाहिजे, म्हणून इथं जरा सविस्तर लिहिते.

नडगीच्या आतल्या बाजूची कातडी, गुडघ्यापासून आतल्या घोट्यावरून पावलाच्या आतल्या कडेपर्यंत, ही सॅफिनस नर्व्हची. ही मांडीतल्या फिमोरल नर्व्हची फांदी, म्हणजे गुडघ्याखाली एवढी एकच नस सायटिकची (कमरेतून मांडीमागून खाली येणाऱ्या मोठ्या नसेची) नाही. बाकी सगळं सायटिककडून येतं. सायटिक गुडघ्याच्या थोडी वर दोन भागांत फुटते, टिबियल आणि कॉमन पेरोनियल. टिबियल पोटरीतून खाली जाऊन आतल्या घोट्यामागून तळव्यात शिरते, टाचेची आणि तळव्याची जवळजवळ सगळी कातडी तिच्या फांद्यांची. पोटरीच्या खालच्या भागाची मागची-बाहेरची बाजू, बाहेरच्या घोट्यामागून पावलाची बाहेरची कड आणि करंगळी, ही सुरल नर्व्हची, जी बहुतेकांत टिबियल आणि पेरोनियल दोघींच्या फांद्या मिळून बनते.

आता पेरोनियल, जी इथली मुख्य. ती गुडघ्यामागून बाहेरच्या अंगाला येते आणि फिब्युला (नडगीच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड) हाडाच्या मानेला वळसा घालून पुढं जाते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जो टणक गोळा हाताला लागतो त्याच्या जरा खाली ही जागा. तिथं वर कातडी आणि थोडी चरबी, खाली थेट हाड, मध्ये नस. या वळणाच्या आधीच, गुडघ्यामागं, तिची एक फांदी सुटलेली असते आणि ती नडगीच्या बाहेरच्या बाजूच्या वरच्या भागाला जाते. वळणानंतर नस दोन होतात. सुपरफिशियल पेरोनियल नडगीच्या बाहेरच्या बाजूचा खालचा भाग आणि पावलाची जवळजवळ सगळी वरची बाजू घेते. डीप पेरोनियलकडं कातडी अगदी थोडी, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधली बेचकी, बस. पण पाऊल वर उचलणारे स्नायू सगळे तिच्याकडं.

ताईंचा नकाशा असा आला. नडगीच्या बाहेरच्या बाजूचा खालचा भाग बधिर, पावलाची वरची बाजू बधिर, अंगठ्याजवळची बेचकी पूर्ण बधिर. करंगळीची बाहेरची कड चांगली. तळवा, टाच चांगली. आतली बाजू चांगली. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे नडगीची बाहेरची बाजू गुडघ्याखाली चार-पाच बोटं एकदम नॉर्मल, टाचणी दुसऱ्या पायाइतकीच टोचत होती.

म्हणजे गुडघ्यामागं सुटणारी फांदी शाबूत आणि वळणानंतरच्या दोन्ही फांद्या गेलेल्या. दाब फिब्युलाच्या मानेपाशी. तिथं बोटानं हलकं टिचकवलं तर पावलापर्यंत झिणझिण्या गेल्या आणि ताई दचकल्याच.

दुसरा निर्णय : कंबर खरंच सुटली का

नुसत्या नकाशावर थांबायचं नव्हतं, कारण पावलाची वरची बाजू एल-५ मुळाच्या, म्हणजे कमरेच्या मणक्यातून निघणाऱ्या नसेच्या, हद्दीतही येते आणि गोंधळ होतो तो नेमका याच भागामुळं. एल-५ दबलं तरी पावलाच्या वर बधिर, पाऊल पडतं, अंगठा वर होत नाही. फरक स्नायूंत शोधावा लागतो.

ताकद पाचपैकी मोजतात, पाच म्हणजे पूर्ण. पाऊल वर उचलणं पाचपैकी दोन, अंगठा वर करणं दोनपेक्षाही कमी, पाऊल बाहेर वळवणं तीन. हे तिन्ही पेरोनियलचे. मग पाऊल आत वळवायला सांगितलं, पाऊल आधी हातानं वर काटकोनात धरून, कारण लटकलेल्या पावलानं नीट जोर लावता येत नाही आणि खोटा कमकुवतपणा दिसतो. ताकद पूर्ण पाच. आत वळवणारा स्नायू एल-५ चाच पण टिबियल नर्व्हमधून येणारा. मग कुशीवर झोपवून पाय वर उचलायला लावला, खुब्याचा स्नायू, तोही एल-५ चा पण त्याची नस पेरोनियलच्या वाटेवर नाही. पूर्ण पाच. टाचेमागचा रिफ्लेक्स दोन्हीकडं सारखा. पाय सरळ उचलल्यावर कळ नाही, कंबर दुखतच नव्हती, खोकल्यावर पायात काही जात नव्हतं.

एल-५ मूळ एवढं दबलं असतं की पाऊल पडावं, तर हे दोन स्नायू सुटले नसते. इथं माझं मत पक्कं झालं. दीरांना समजवायला शेतातलंच उदाहरण दिलं, की ड्रिपची मेन लाईन चोंदली तर तिच्यावरचे सगळे बेड सुकतात, इथं एकाच लॅटरलचे, म्हणजे एका फांदी-नळीवरचे, बेड सुकलेत आणि तिच्या सुरवातीचं रोप तर हिरवंगार आहे, मग मोटरजवळ खणून काय मिळणार. ते लगेच म्हणाले, "मग त्या फोटोत दिसतंय ते काय हाय?"

प्रश्न रास्तच होता. फोटोतलं खोटं नव्हतं, पण ते या पायाचं कारण नव्हतं. २०१५ मध्ये एक मोठा आढावा आला होता, कंबरदुखी अजिबात नसलेल्या माणसांच्या स्कॅनचा, त्यात चाळिशीतल्या साधारण निम्म्या लोकांत डिस्क बल्ज होता. म्हणजे ताईंच्या वयाच्या कुणाचाही एमआरआय काढला तरी निम्म्या वेळा "गॅप" दिसणारच.

तिसरा निर्णय : कुष्ठरोग तपासायचा की नाही

हा विषय काढायला अवघड जातं. शब्द उच्चारला तरी घरातलं वातावरण बदलतं. पण आपल्या भागात फिब्युलाच्या मानेपाशी पेरोनियल नस खराब झाली आणि कुष्ठरोग बघितलाच नाही असं चालत नाही, कारण तो याच नसेला याच जागी धरतो, आणि लवकर सापडला तर औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर मात्र नसेचं गेलेलं परत येईलच असं नाही.

दीरांना बाहेर बसवलं आणि ताईंना सरळ सांगितलं की ताई, बधिरपणा आला की आम्ही सगळ्यांच्याच अंगावरचे चट्टे बघतो, तुमचेही बघते. पाठ, दंड, मांड्या बघितल्या, फिकट किंवा लालसर बधिर चट्टा कुठंच नाही. कोपराजवळची अल्नर, आतल्या घोट्यामागची टिबियल, मानेवरची नस, दोन्ही पेरोनियल चाचपल्या, जाड किंवा दोरीसारखी कुठलीच लागली नाही. तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा दाखवून खात्री करून घ्या म्हटलं, त्यांनी घेतली, काही निघालं नाही. ताई एवढंच म्हणाल्या, "मॅडम, बरं झालं बघितलं, मला रात्री तेच मनात यायचं." त्यांच्या मनात होतंच, आधी कोणी विचारलं नव्हतं.

साखर नॉर्मल. तशीही डायबिटीसची बधिरता दोन्ही पायांत, बोटांपासून मोज्यासारखी वर चढते, एका नसेची हद्द ती पाळत नाही.

पर्याय काय होते

वजन उतरणं, उकिडवं बसणं, दुखत नसलेलं पडलेलं पाऊल, वळणापाशी झिणझिण्या, सगळं एकाच दिशेला. न्यूरॉलॉजीत याला स्ट्रॉबेरी पिकर्स पाल्सी (स्ट्रॉबेरी तोडणाऱ्यांचा लकवा) असं नावच आहे. पूर्ण उकिडवं बसल्यावर नस वळणावर ताणली जाते आणि आजूबाजूच्या कंडऱ्यांखाली दाबली जाते, त्यात टायफॉइडनं तिथली चरबीची गादी गेलेली.

ऑर्थोच्या डॉक्टरांशी आणि साताऱ्याच्या न्यूरोच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून तीन गोष्टी समोर ठेवल्या. कमरेचं ऑपरेशन, जे आता थांबवायचं यावर दोघंही राजी झाले. दुसरं, गुडघ्यापाशी नस मोकळी करायचं छोटं ऑपरेशन. तिसरं, दाब काढून वाट बघणं.

दुसऱ्या पर्यायावर थोडी चर्चा झाली. गुडघ्याजवळच्या सांध्यातून कधी कधी पाण्याची गाठ नसेत शिरते आणि ती असेल तर व्यायाम करत बसण्यात वेळ जातो. म्हणून त्या जागेची सोनोग्राफी करून घेतली, गाठ नव्हती. मग ठरलं की तीन-चार महिने सुधारणेची लक्षणं बघायची, काहीच हललं नाही तर ऑपरेशनचा विचार.

एनसीव्ही टेस्ट (करंट देऊन नस सिग्नल किती नीट वाहते ते बघायची तपासणी) कधी करायची हाही मुद्दा होता. दीरांना ती लगेच दुसऱ्या दिवशी पाहिजे होती. पण नस आतून मेलीय की नुसती दाबानं बंद पडलीय हे पहिल्या काही दिवसांत टेस्टला कळत नाही, तुटलेला तंतू खालच्या बाजूला आठवडा-दीड आठवडा करंट वाहतच राहतो, आणि स्नायूत सुई घालून जे बदल दिसतात त्यांना साधारण तीन आठवडे लागतात. खर्च एकदाच झेपणार होता म्हणून तीन आठवडे पूर्ण झाल्यावर केली.

रिपोर्ट चांगला आला. घोट्यापासून सिग्नल जवळपास पूर्ण, फिब्युलाच्या मानेच्या वरून दिला की एकदम पडतो, म्हणजे त्या जागी कंडक्शन ब्लॉक, सिग्नल तिथंच अडतो. पावलाच्या कातडीच्या नसेचा सिग्नलही शाबूत. तंतू बहुतेक जिवंत होते. ते मेले असते तर नवीन तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो आणि नडगीएवढ्या अंतराला बरेच महिने गेले असते.

काय केलं

सगळ्यात अवघड उपचार होता उकिडवं बसणं बंद करणं. हंगाम ऐन भरात, रोजची मजुरी जाणार. ताई म्हणाल्या की अर्धा दिवस जाते. मी नाही म्हटलं आणि कारण सांगितलं, आत्ता नस बंद पडलीय, असाच दाब राहिला तर तंतू मरतील आणि मग पुढचाही हंगाम जाईल. शेवटी दीरांनी मुकादमाशी बोलून पॅकिंगला लावलं, तिथं टेबलाशी उभं राहून पनेट (फळांचे छोटे डबे) भरायचे असतात, मजुरी थोडी कमी पण चालू. माझ्या मते ताई बऱ्या झाल्या त्यात या एका बदलाचा वाटा सगळ्यात मोठा.

घरातही उकिडवं बसणं बंद, भाकऱ्या उभ्यानं, मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून बसायचं नाही, झोपताना गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कडक काही टेकू द्यायचं नाही. पाऊल उचलून धरणारा हलका प्लास्टिक स्प्लिंट बुटाच्या आत. त्याचा पट्टा नेमका फिब्युलाच्या मानेवर बसत होता, तो खाली घेतला, नाहीतर स्प्लिंटनंच नस दाबली असती. पोटरीचा ताण रोज, कारण पाऊल लटकून राहिलं की मागची कंडरा आखडते. उचलायचे व्यायाम आधी कुशीवर, मग बसून. स्नायूला करंट द्यायचं मशीन थोडे दिवस वापरलं, त्यानं नस लवकर बरी होते असा माझा दावा नाही, ताईंना आपला स्नायू हललेला दिसला एवढा फायदा झाला.

बधिर कातडीची काळजी वेगळी सांगितली. शेक बंद, गरम पाणी आधी हातानं किंवा डाव्या पायानं बघायचं, अनवाणी नाही, रात्री स्प्लिंट काढल्यावर पावलाच्या वर लाल वण पडलाय का ते डोळ्यांनी बघायचं.

पुढं काय झालं

पहिल्यांदा पाऊल बाहेर वळायला लागलं, साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात. मग घोटा वर येऊ लागला. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ताकद पाचपैकी चारच्या वर आणि स्प्लिंट सुटला. अंगठा सगळ्यात मागं राहिला.

कातडीचा नकाशा मी दर फेरीला परत काढत होते, वेगळ्या रंगाच्या पेननं, आणि फोटो शेजारी शेजारी ठेवून ताईंना दाखवत होते. बधिर भाग कडेनं आक्रसत गेला, शेवटी राहिली ती अंगठ्याजवळची बेचकी, ती उन्हाळाभर तशीच होती आणि पावसाळ्यात आली. मधल्या काळात पावलाच्या वर जळजळ आणि चादर नको वाटणं झालं, ताई घाबरल्या, पण परत येणाऱ्या नसेचं असं होतं हे आधी सांगितलेलं असल्यामुळं दवाखाने फिरल्या नाहीत. कमरेला कोणी हात लावला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मुंग्या येत होत्या त्या दोन-अडीच आठवड्यांत ताईंना कोणी सांगितलं असतं की उठल्यावर पावलाच्या वर मुंग्या राहत असतील तर बसायची पद्धत बदला, तर पाऊल पडलंच नसतं. गावपातळीवर आशाताईंपर्यंत ही एक ओळ पोचली तरी पुष्कळ होईल असं मला वाटतं.

एमआरआयच्या आधी कातडी तपासली असती तर एमआरआय बहुधा लागलाच नसता. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. ओपीडीत गर्दी असते हे मान्य, पण मग निदान तीन जागा तरी टोचून बघाव्यात, अंगठ्याजवळची बेचकी, करंगळीची बाहेरची कड आणि गुडघ्याखाली नडगीची बाहेरची बाजू, आणि पाऊल आत वळवायला सांगावं. सोनोग्राफीही पहिल्या आठवड्यात व्हायला हवी होती, गाठ असती तर तेवढा उशीर महागात गेला असता.

पुढच्या हंगामात ताई परत तोडणीला जाणार म्हणाल्या तेव्हा आम्ही स्टूल आणलं. पहिलं होतं पाटाएवढं, त्यावर बसलं तरी गुडघा तेवढाच दुमडत होता, म्हणजे उपयोग शून्य. मग फूटभर उंचीचं करून घेतलं, पण ते सरीत मावेना, एक पाय बेडवर चढायचा आणि मल्चिंग पेपर फाटायचा. आता ताई एक गुडघा टेकून तोडतात, खाली रबरी तुकडा, थोड्या थोड्या वेळानं गुडघा बदलतात आणि ट्रे भरला की स्वतः उठून नेऊन ठेवतात. सरी जरा रुंद ठेवली तर स्टूल बसेल, बागवाल्यांशी बोलणं चालू आहे, पण सरी रुंद केली की एकरी रोपं कमी बसतात, त्यामुळं अजून कोणी तयार झालेलं नाही.